दबावाचा दाखला

अर्ज चार पानांचा होता आणि कलम तेरापर्यंत त्याला नाव ठेवायला जागा नव्हती. हे त्रुटीसाहेबांचं म्हणणं, आणि अर्जांच्या बाबतीत त्रुटीसाहेबांचं म्हणणं म्हणजे शेवटचा शब्द. पाणीपुरवठा कार्यालयात ते हेडक्लार्क. नव्या नळजोडणीचे अर्ज तपासायचे, लाल पेनाने त्रुटी काढायच्या आणि अर्ज आल्या वाटेने परत पाठवायचे, यात त्यांची तीस वर्षं गेली होती. लोक तोंडावर त्यांना साहेब म्हणत आणि पाठ वळली की त्रुटीसाहेब. हे दुसरं नाव त्यांना माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. स्वतःच्या लग्नाच्या पत्रिकेत त्यांनी छापखान्याच्या दोन चुका काढल्या होत्या. बायको म्हणते, तिसरी अजून त्यांना सापडायची आहे.

तर हा अर्ज त्यांच्या लेकीचा. शाळा संपताना तिला शंभरात शहाण्णव पडले होते. इंजिनिअरिंगची जागा हात जोडून दारात उभी होती. आणि लेक म्हणाली, "मला फिजिक्स शिकायचंय. नुसतं."

त्या 'नुसतं'ने घात केला. पुढे काहीतरी जोडलेलं असतं तर साहेबांनी मन घट्ट केलं असतं. पण नुसतं म्हणजे काय? बिनदुधाचा चहासुद्धा माणूस डॉक्टरने सांगितल्याशिवाय घेत नाही. चाळीस दिवस त्यांनी तिला समजावलं, बायकोच्या भावाला बोलावून समजवायला लावलं, जिन्यात भेटेल त्याच्याकडून तिची समजूत घालून घेतली. लेक प्रत्येकाचं नीट ऐकून घ्यायची आणि शेवटी शांतपणे विचारायची, "हे तुम्हांला कशावरून वाटतं?" त्यात उद्धटपणा नव्हता. तिला खरंच उत्तर हवं असायचं, आणि माणूस तिथेच गारद व्हायचा.

मंगळवारी ती कॉलेजात अर्ज द्यायला निघाली तेव्हा साहेब सोबत गेले. मुलीचा अर्ज त्रुटीसकट जाऊ नये म्हणून जातो, असं त्यांनी घरी सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. शनिवारी पाच वाजता हे प्रवेशही बंद होणार होते आणि इंजिनिअरिंगची जागाही त्याच दिवशी हातची जाणार होती. कॉलेजचे पोपडे धरलेले जिने, मोडकी बाकं आणि रिकामी रांग पाहून लेकीचं मन ऐनवेळी फिरेल, अशी त्यांना आशा होती. रांग खरोखरच रिकामी होती. खिडकीमागच्या बाई स्वेटर विणत बसल्या होत्या.

आणि मग कलम चौदा आलं. 'मूलभूत विज्ञान शाखा निवडण्याचे कारण. योग्य त्या ठिकाणी खूण करा.' अ, अपेक्षित गुण न मिळणे. ब, अन्यत्र प्रवेश न मिळणे. क, घरगुती अडचण. ड नव्हतं.

साहेबांनी पान उलटलं, पुन्हा सुलटं केलं. "बाई, इथे एक पर्याय छापायचा राहिलाय."

"काही राहिलेलं नाही," बाई म्हणाल्या. "सगळे अ वर खूण करतात. करा आणि द्या."

"तिला शहाण्णव आहेत."

बाईंनी विणकाम बाजूला ठेवलं, चष्म्यावरून आधी लेकीकडे पाहिलं आणि मग साहेबांकडे. "मग क वर करा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आम्ही कुणाला विचारत नाही."

इथे साहेबांचा अपमान झाला. घरात कसलीही अडचण नव्हती, आणि असती तरी ती खुणेने सांगण्याचं त्यांना कारण नव्हतं. शिवाय खोट्या माहितीवर सही करायची म्हणजे तीस वर्षांच्या नोकरीवर पाणी सोडणं. ज्या अर्जाने लेकीची वाट अडवावी अशी त्यांची मनोमन इच्छा होती, त्याच अर्जाशी आता त्यांचं वैर जडलं. "मी कलम चौदाला पुरवणी जोडतो," ते म्हणाले. बाईंनी अशी धमकी पूर्वी कधी ऐकली नव्हती. त्यांनी खांदे उडवले आणि पुन्हा टाके मोजायला घेतले.

घरी येऊन साहेबांनी कोरा कागद काढला, समास सोडला आणि घोडं अडलं. कारण लिहायचं तर ते माहीत हवं. चाळीस दिवसांत त्यांनी लेकीला शंभर गोष्टी सांगितल्या होत्या, विचारली एकही नव्हती.

"का घ्यायचंय तुला ते?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"या, दाखवते," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

तिथला नळ दोन महिने ठिबकत होता. पाणीपुरवठ्याच्या हेडक्लार्कच्या घरात नळ ठिबकावा ही शरमेची गोष्ट. साहेबांनी दोनदा प्लंबर आणला होता आणि दोन्ही वेळा लेकीने त्याला चहा पाजून परत पाठवलं होतं. त्या नळाखाली आता डब्याचं झाकण उपडं घातलेलं होतं आणि शेजारी आकड्यांनी भरलेली वही होती. तिने नळ अगदी जरासा उघडला. टप, टप, टप. एका मापाने. मग केसभर आणखी फिरवला. टप-टप, टप. टप-टप, टप. एक थेंब लवकर आणि एक उशिरा, आणि पुन्हा तसंच. मग आणखी थोडा. आता थेंबांना काही ताळतंत्रच राहिला नाही.

"वायसर गेलाय," साहेब म्हणाले.

"गेला असेल. पण बाबा, पाणी तेच, नळ तोच, हातही कुणी लावत नाहीये. मग एक लवकर आणि एक उशिरा का?"

"हवा असेल आत."

"कशावरून?"

 अख्ख्या शहराचे नळ त्यांच्या टेबलावरून गेले होते, पण एकही नळ त्यांनी कधी कान देऊन ऐकला नव्हता. ते स्टूल ओढून बसले. टप-टप, टप. खरंच की. लबाडी वाटावी इतकं नेमकं होतं ते.

"याचा शोध लागलाय का कुणाला?"

"बराच लागलाय. मला तो समजेल एवढं शिकायचंय. आणि मग ज्याचा कुणालाच लागलेला नाही, तिकडे जायचंय." हे बोलताना तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं होतं की साहेबांना तिच्या आईची आठवण झाली. ती तिथेच, मागे कणीक मळत उभी होती, तरी.

पाऊण तास ते तिथे बसले. चहाच्या आधणाला पाणी माठातलं घ्यावं लागलं, कारण नळ कुणालाच वापरू दिला नाही.

एवढं झाल्यावर सरळ लिहायचं ना, की मुलीला आवड आहे. पण माणसाचा हात हा माणसाआधी नोकरीला लागलेला असतो. कागद पुढे येताच साहेबांचं पेन आपोआप चालू लागलं: 'उपरोक्त विषयान्वये सादर करण्यात येते की, सदर अर्जदार हिने पालकांच्या निर्देशानुसार मूलभूत विज्ञान शाखेची निवड केली असून त्यास पालकांची पूर्ण सहमती आहे.' कार्यालयात प्रत्येक पत्र कुणाच्या तरी निर्देशानुसारच जातं. निर्देशाशिवाय तिथे पंखासुद्धा कुणी लावत नाही. साहेबांना ते वाक्य दृष्ट लागण्यासारखं वाटलं. बुधवारी सकाळी ते स्वतः पुरवणी खिडकीवर देऊन आले.

गुरुवारी कॉलेजातून फोन आला. पालकांनी आज दुपारीच समितीपुढे हजर व्हावं.

समिती म्हणजे उपप्राचार्य आणि फिजिक्सच्या विभागप्रमुख मॅडम. मॅडमचे केस पांढरे होते, हाताला खडू लागलेला होता आणि त्या काही बोलत नव्हत्या. उपप्राचार्य इस्पितळात बोलावं तसं हळू बोलत. त्यांनी लेकीला बाहेर बसवलं आणि साहेबांपुढे पाण्याचा पेला सरकवला.

"साहेब, मोकळेपणाने बोला. लहानपणी आपल्याला शास्त्रज्ञ व्हायचं होतं का?"

"मला पाणीपुरवठ्यातच यायचं होतं," साहेब म्हणाले. ते खरं होतं.

"आपली राहिलेली इच्छा आपण मुलांकडून पुरी करून घेतो. होतं असं. पण शहाण्णव टक्क्यांची मुलगी, इंजिनिअरिंगची जागा सोडून, आपल्या निर्देशानुसार..." त्यांनी पुरवणीवर बोट ठेवलं. "आयुष्याचा प्रश्न आहे हो तिच्या."

 चाळीस दिवस ज्या मुलीला ओढून ओढून त्यांचे खांदे दुखायची वेळ आली, तिला आपणच ढकलली असा आळ त्यांच्यावर आला होता, आणि पुरावा त्यांच्याच वळणदार अक्षरात होता. त्यांनी परोपरीने सांगितलं. जितकं सांगावं तितके उपप्राचार्य अधिक समजूतदार दिसू लागले. लेकीला आत बोलावलं. ती म्हणाली, माझं मीच ठरवलंय. उपप्राचार्य म्हणाले, "दबावाखालची मुलं नेमकं असंच बोलतात."

नियम होता. घरच्यांच्या जबरदस्तीने कुणाला कुठल्या शाखेत घालू नये, म्हणून कुण्या भल्या माणसाने तो कधीकाळी केला होता. ज्यांच्यासाठी केला त्यांच्या कामी तो कधी आला नाही. आता पहिल्यांदा लागू होत होता तो हिला. घरचा कल फिजिक्सच्या उलट होता, असं माहितगार व्यक्तीने लेखी द्यावं. शनिवारी पाचच्या आत आलं नाही तर अर्ज बाद.

"म्हणजे माझं वर्ष जाईल," परतताना लेक म्हणाली. तक्रार नव्हती, नोंद होती. पण जिना उतरताना तिने कठडा घट्ट धरला होता, हे साहेबांनी पाहिलं, आणि त्या वाक्यातल्या 'निर्देशानुसार'ची त्यांना मनापासून लाज वाटली.

तरी त्यांना वाटलं, यात काय अवघड? हिने फिजिक्स घेऊ नये म्हणून अर्धी इमारत राबली होती. साक्षीदारांना तोटा नव्हता. शुक्रवारी त्यांनी रजा टाकली, कागदांना समास आखून घेतले आणि आधी वरच्या मजल्यावर गेले.

तिथे निवृत्त बँक मॅनेजर राहत. जिन्यात गाठून सल्ला देण्यात त्यांचा हातखंडा होता. 'फिजिक्स घेऊन शेवटी शिकवण्याच घ्याव्या लागतात' हे त्यांनी लेकीला मोजून नऊ वेळा ऐकवलं होतं. मोजलं होतं लेकीनेच.

"लेखी?" मॅनेजर म्हणाले आणि सोफ्यावर जरा मागे सरकले. "अहो, मी कुठे काय म्हणालो? मी सहज चौकशी केली."

"नऊ वेळा?"

"चौकशीच. सल्ला मी देत नाही कुणाला. उद्या पोरगी मोठी शास्त्रज्ञ झाली आणि हा कागद कुणाच्या हाती लागला, तर मला तोंड दाखवायला जागा राहील का?"

हे साहेबांच्या डोक्यात आलंच नव्हतं. हा गृहस्थ तिला चाळीस दिवस हसत होता, आणि ती मोठी होईल अशी त्याला पोटातून भीतीही होती. अखेर मॅनेजरांनी लिहून दिलं. साहेबांनी जिन्यात येऊन वाचलं. 'सदर मुलगी सुशील असून तिच्या विज्ञानाच्या आवडीस आम्ही सुरुवातीपासून प्रोत्साहन देत आलो आहोत.' खाली तीन ओळींत बँकेतली जुनी पदं.

मग समोरच्या औषधाच्या दुकानात. दुकानदाराने निदान कबूल तरी केलं. "म्हणालो होतो. दहांदा म्हणालो. पण साहेब, माझा पोरगा इंजिनिअरिंगला आहे आणि दोन वर्षं त्याच त्याच विषयांना बसतोय. इंजिनिअरिंगसाठी दबाव आणल्याचं मी कुठेच लिहून देत नाही." एवढं बोलून त्याने खोकल्याच्या गोळ्यांची बरणी पुसायला घेतली.

राहिला मामा. मामा इंजिनिअर होता आणि लिफ्ट विकत असे. त्याने फोनवर लगेच होकार दिला आणि दुपारी कंपनीच्या छापील कागदावर टाइप केलेलं पत्र स्वतः आणून दिलं. पत्र दमदार होतं. आपण भाचीवर कसकसा दबाव आणला ते त्यात तपशीलवार होतं. शेवटचं वाक्य मात्र असं होतं, 'आणि भाचीला तो पटला असून ती इंजिनिअरिंगला जात आहे.'

"हे खोटं आहे," साहेब म्हणाले.

"दाजी, कंपनीच्या कागदावर मी हरलो असं कसं लिहू?" मामा म्हणाला. त्याच्या बाजूने पाहिलं तर खरंच अवघड होतं.

शनिवार उजाडला. साहेब टेबलाशी बसले होते. पुढे एक प्रोत्साहनाचं पत्र, एक लिफ्टचं पत्र आणि डोक्याला हात. बायको शेजारी शर्टाला बटण लावत होती.

"सगळ्यांना विचारून झालं?"

"सगळ्यांना. तोंडी सगळे शूर. कागद म्हटला की काढता पाय."

"ज्याने सगळ्यात जास्त छळलं तिला, त्याला विचारलंत?"

"कोण तो?"

बायकोने दोरा दाताने तोडला आणि नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. साहेब हळूहळू लाल होत गेले. मग त्यांनी नवा कागद घेतला. कार्यालयाची भाषा त्यांना याही वेळी सोडता आली नाही, पण आज ती भाषा त्यांच्या बाजूने नव्हती.

'मी, अर्जदाराचा जन्मदाता, लिहून देतो की, अर्जदार हिने मूलभूत विज्ञान घेऊ नये यासाठी मी चाळीस दिवस पुढीलप्रमाणे दबाव आणला. जेवताना रोज एकदा समजावले. अर्जदाराच्या मामास तीन वेळा बोलावले. प्रयोगाचा नळ दुरुस्त करवण्याचा प्रयत्न दोनदा केला. आईची प्रकृती बिघडल्याचे सांगितले, प्रकृती ठीक होती. तीन दिवस अबोला धरला, तो अर्जदाराच्या लक्षात आला नाही. वरील कोणत्याही उपायाने अर्जदार बधली नाही. तिने एकदाही आवाज चढवला नाही. हे तुम्हांला कशावरून वाटते, एवढेच ती विचारत राहिली, आणि त्याचे उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हते व आजही नाही. एवढ्या लोकांपुढे एकटीने इतके शांत उभे राहणे मला जमले नसते. पूर्वीच्या पुरवणीत 'पालकांच्या निर्देशानुसार' असे लिहिले, ती माझी चूक आहे.'

साडेतीनला बाप-लेक कॉलेजात पोहोचले. उपप्राचार्यांनी कागद वाचला, घसा खाकरला, आणि इस्पितळातला आवाज बाजूला ठेवून म्हणाले, "हे पुरेसं आहे." मॅडमनी तो मागून घेतला. त्यांनी सावकाश वाचला आणि बराच वेळ हातातच ठेवला.

"माझे वडील शेवटपर्यंत लोकांना सांगत होते, मुलगी बँकेत आहे म्हणून," त्या म्हणाल्या. मग लेकीकडे वळल्या. "नळाचं काय आहे ते सोमवारी वही घेऊन येऊन सांग मला. माझा पहिला तास रिकामा असतो."

लेकीने मान हलवली. 

कागद खिडकीवर गेला. स्वेटरवाल्या बाईंनी लेकीला सांगितलं, "वाचून खाली सही करा." लेकीने तो तिथेच पहिल्यांदा वाचला. अर्ध्यावर आल्यावर तिने मान वर केली.

"तुम्ही तीन दिवस बोलत नव्हतात?"

"नव्हतो."

"मला वाटलं घसा बसलाय." ती पुढे वाचू लागली. शेवटच्या ओळी तिने दोनदा वाचल्या. मग सही केली.

बाईंनी कागद घेतला आणि त्यावर बोट ठेवलं. "साहेब, यात त्रुटी आहे."

उभ्या आयुष्यात हे वाक्य साहेबांना कुणी म्हटलं नव्हतं. "कसली?"

"दबाव आणला असं लिहिलंय. तो थांबल्याचं कुठेच नाही. चालू असेल तर प्रवेश देता येत नाही. थांबला असेल तर तारीख आणि वेळ घाला."

बरोबर होतं. त्यांनी स्वतः हा अर्ज याच कारणासाठी परत पाठवला असता. ते मुकाट्याने खिडकीच्या फळीवर वाकले आणि लिहिलं, 'वरील दबाव आज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी कायमचा थांबला.'

लेकीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "बाबा, चार बारा झालेत."

"दोन मिनिटांनी काय बिघडतं?"

"त्या दोन मिनिटांत दबाव होता की नव्हता?"

साहेब विचारात पडले. बाई थांबल्या होत्या. खोटं लिहायला हरकत नव्हती, कुणाला कळलं नसतं. पण दबाव होता. पेन कागदाला टेकतानासुद्धा त्यांच्या मनात येऊन गेलं होतं, की अजूनही पोर म्हणेल, चला बाबा, पाचच्या आत इंजिनिअरिंगच्या कॉलेजात पोहोचू. त्यांनी लेकीकडे पाहिलं. ती काही म्हणणार नव्हती. ती उत्तराची वाट पाहत होती.

"होता," ते म्हणाले. त्यांनी 'दहा' खोडलं, वर 'बारा' लिहिलं आणि शेजारी सही केली.